भांगेत तुळस

नानपुऱ्यातले आमचे घर विकायचे ठरले तेव्हा आईने एकच अट घातली. कपाटे, पितळी भांडी, वडिलांची आरामखुर्ची, यांपैकी काय न्यायचे आणि काय टाकायचे ते आम्ही ठरवावे. तुळस मात्र ती सांगेल तशी न्यायची. सर्व अटींमध्ये ही मला सोपी वाटली. सागवानी कपाट सातव्या मजल्यावर चढवण्यापेक्षा एक रोप नेणे कितीतरी हलके, असा माझा हिशेब होता. पुढल्या वर्षभरात त्या हलक्या वस्तूने मला जेवढे जेरीस आणले तेवढे बँकेच्या चौतीस वर्षांच्या नोकरीनेही आणले नसेल.

आमचे घराणे सुरतेत रेल्वेच्या नोकरीमुळे आले. पणजोबा बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत कारकून होते. शिवाजी महाराज १६६४ साली आणि पुन्हा १६७० साली सुरतेस येऊन परत गेले, तुम्ही मात्र आलात ते राहिलातच, अशी थट्टा आमचे गुजराती शेजारी पिढ्यान् पिढ्या करीत आले आहेत आणि आम्हीही ती दर वेळी नवी असल्यासारखी हसून घेतो. आजी १९३१ साली लग्न होऊन पेणहून सुरतेस आली तेव्हा तिच्या ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत कागदाची एक पुडी होती. त्या पुडीतल्या मंजिऱ्यांची तुळस नानपुऱ्याच्या वृंदावनात रुजली. ती कृष्णतुळस होती. देठ जांभळे, पाने काळसर, आणि चुरडली असता लवंगेसारखा तिखट वास. लवंगेत जे युजेनॉल नावाचे द्रव्य असते तेच तुळशीतही असते, हे मला उतारवयात कळले. आईला ते नाव ठाऊक नव्हते; वास ठाऊक होता.

ही वेल अखंड चालत आली असे म्हणता येणार नाही. तुळशीचे झाड तसे अल्पायुषी, चारदोन वर्षांत लाकूड होऊन जाते. मग मंजिऱ्यांतून नवे करायचे. शिवाय तापी आहे. १९६८ च्या पुरात वृंदावन बुडाले तेव्हा आजीने पुन्हा बी टाकले. त्यानंतर उकाई धरण पुरे झाले आणि आता पूर येणार नाही असे सुरतेने मनाशी धरले. ७ ऑगस्ट २००६ च्या रात्री त्याच धरणातून सोडलेले पाणी शहरात शिरले. आम्ही माडीवर तीन दिवस काढले. पाणी ओसरल्यावर अंगणात गुडघाभर गाळ होता आणि वृंदावनातून एक करडी काडी वर आलेली होती. आईने त्या काडीकडे पाहून काही म्हटले नाही. माळ्यावरच्या बोर्नव्हिटाच्या डब्यात तिच्या पुड्या सुरक्षित होत्या, एवढेच तिने आधी जाऊन पाहिले. गाळ काढल्यावर तिने त्याच मातीत बी पेरले आणि कार्तिकात बोटभर रोपाचे लग्न लावले.

प्रामाणिकपणे सांगायचे तर ही तुळस आजीचीच, असे एखादा वनस्पतिशास्त्रज्ञ छातीठोकपणे म्हणणार नाही. आमच्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा तुलसीक्यारा होता, आणि मधमाशीला घराणी कळत नाहीत. आम्हीही ओट्याला ओटला म्हणू लागलोच की. पण वास टिकून होता, एवढे खरे.

२०२१ च्या दिवाळीनंतर आम्ही पाल भागात राहावयास आलो. आमची गॅलरी उत्तरेकडे तोंड करून आहे, तिला सरकत्या काचा आहेत आणि समोर तेवढीच उंच दुसरी इमारत आहे. आईच्या सूचनेप्रमाणे तुळस मुळांभोवतालच्या मातीसकट काढून कुंडीत ठेवली होती. ती माती म्हणजे सुरतेची अस्सल काळी. या मातीचा आम्हांला अभिमान. जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस, ‘संकर–४’, डॉ. सी. टी. पटेल यांनी १९७० साली सुरतेच्याच कापूस संशोधन केंद्रात सिद्ध केला. पण कापसाच्या शेतातली काळी माती आणि प्लास्टिकच्या कुंडीतली काळी माती या दोन निराळ्या वस्तू आहेत. कुंडीत ती ओली असताना लोण्यासारखी आणि वाळली की विटेसारखी होते. मुळांना श्वास घ्यायला जागा उरत नाही. आई रोज सकाळी स्नान करून तिला तांब्याभर पाणी घालीत असे. वृंदावनाच्या तळाला जमीन होती आणि माथ्यावर ऊन होते; तेथे तो तांब्या दुपारपर्यंत कुठल्या कुठे नाहीसा होई. येथे तो साचून राहू लागला. माघ संपता संपता खालची पाने पिवळी पडून गळाली, मातीला आंबूस वास येऊ लागला, आणि एके सकाळी शेंडाच मान टाकून पडलेला दिसला. मला वाटले पाणी कमी पडले. मी आणखी एक तांब्या घातला.

यानंतर मी जे केले ते सांगण्यासारखे नाही, पण त्याशिवाय पुढचे कळणार नाही. आईला वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी फारसे दिसत नाही. उजेड आणि सावली एवढेच. मेलेले रोप मी ती झोपलेली असताना उपटले, अडाजणच्या एका रोपवाटिकेतून त्याच उंचीचे, काळसर पानांचे रोप आणले आणि त्याच कुंडीत लावले. पत्नी म्हणाली, “अहो, हे काही बरे नाही.” मी म्हणालो, आईला त्रास कशाला. खरे म्हणजे त्रास मला टाळायचा होता.

दुसऱ्या दिवशी आईने पाणी घातले, प्रदक्षिणेऐवजी स्वतःभोवती एक गिरकी घेतली, नेहमीप्रमाणे एक पान खुडून तोंडात टाकले आणि थांबली.

“अरे, ही कोण?” तिने विचारले.

मी म्हटले, “कोण म्हणजे?”

“हिला कापराचा वास आहे. आपली नव्हे ही.”

कापूरतुळस म्हणून एक वेगळी जात असते आणि रोपवाटिकांत ती सर्रास तुळस म्हणूनच विकली जाते, हे मला तेव्हा माहीत नव्हते. मी काहीतरी पुटपुटलो. आई रागावली असती तर बरे झाले असते. ती एवढेच म्हणाली, “मेली तर मेली म्हणावे. झाडच ते. मला आंधळीला फसवायचे कशाला?” त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही. पाणी मात्र त्या परक्या तुळशीलाही घालीत राहिली. तीही कोणाची तरी तुळसच, असे तिचे म्हणणे.

तीन दिवसांनी तिने तो बोर्नव्हिटाचा डबा माझ्या हातात दिला. आत एकच पुडी उरली होती. दृष्टी अधू झाल्यापासून तिने मंजिऱ्या वेचून ठेवल्या नव्हत्या. पुडीवर तिच्या वाकड्या अक्षरात २०१९ लिहिलेले होते. मागे काही नव्हते आणि पुढेही काही नव्हते, जे काय होते ते त्या पुडीत. मी आयुष्यात कधी मेथीसुद्धा पेरलेली नाही. २०२२ च्या गुढीपाडव्याला मी त्यातले अर्धे बी पेरले. अर्धे ठेवून दिले, ही बँकेची सवय.

बारा दिवसांनी सात अंकुर वर आले. त्यांतले तीन आठवड्याभरात बुंध्याशी काळे पडून आडवे झाले. उरलेल्या चारांना मी चार छोट्या कुंड्यांत लावले आणि देवघराशेजारच्या खिडकीत ठेवले. तेथून पुढे मी त्यांच्यावर जे प्रेम केले त्याला तोड नाही. पिण्याचे पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून जे पाणी वाया जाते ते मी बादलीत साठवून काटकसरीने त्यांना घालू लागलो. कोणी सांगितले म्हणून चमचाभर युरिया टाकला. कोणी सांगितले म्हणून ताक घातले. चहाची पत्ती झाली, हळद झाली, अंड्याची टरफले आमच्या घरात नसतात म्हणून तेवढी राहिली. रोपे उंच होत होती आणि मी खूश होतो. पण ती उंची काडीसारखी होती, दोन पानांत वीतभर अंतर, आणि सगळी माना खिडकीकडे वळवून उभी. मग पानांच्या कडा करपल्या. कुंडीच्या काठावर पांढरी पुटे चढली. मातीतून बारीक काळी चिलटे उडू लागली. आषाढात ढग दाटल्यावर एक रोप गेले.

माझा भाचा टोरांटोस असतो. आजीची चौकशी करायला त्याने चित्रफोन केला तेव्हा मी त्याला रोपे दाखवली. तो बराच वेळ पाहत राहिला आणि मग त्याने असे प्रश्न विचारले की मी चकित झालो. कुंडीला खाली भोके किती? उचलून पाहिली तर जड लागते का हलकी? पाणी कुठले? खिडकी कोणत्या दिशेची? नवे पान पिवळे आहे की जुने? जो मुलगा आमच्याकडे असताना स्वतःचे ताट उचलीत नसे त्याला हे शेतीशास्त्र आले कोठून? तो जरा घुटमळला आणि म्हणाला, “मामा, रागावणार नसशील तर सांगतो.”

त्याचे घरमालक निवृत्त गृहस्थ आहेत आणि तळघरात दिव्यांखाली गांजाची चार झाडे वाढवतात. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून ते कायदेशीर आहे. ओंटारिओ प्रांतात एका घराला चार झाडांची मुभा आहे. मालक हिवाळ्यात महिनाभर बाहेरगावी गेले तेव्हा झाडांची देखरेख भाच्याकडे आली. पहिल्या पंधरवड्यातच त्याने ती जवळजवळ मारली, फोनवर शिव्या खाल्ल्या आणि मग एकेक करून वाचवली. “शपथ मामा, ओढला नाही कधी,” असेही तो म्हणाला. मी ते मान्य केले. दारूबंदीच्या राज्यात आयुष्य काढलेल्या माणसाला असल्या शपथांचे मोल ठाऊक असते.

आपल्याकडे १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याने गांजाची लागवड हा गंभीर गुन्हा आहे, तेव्हा कोणी भलता अर्थ घेऊ नये. पण पुढे विचार केल्यावर मला यात एक न्याय दिसला. बंद खोलीत, सूर्याशिवाय झाड कसे जगवावे याचे बारीकसारीक ज्ञान ज्यांना अनेक दशके लपूनछपून झाडे वाढवावी लागली त्यांच्याकडे साठणारच. ज्याच्या अंगणात ऊन आहे तो प्रकाशाचा विचार कशाला करील? नानपुऱ्यात आमच्या तीन पिढ्यांनी केला नव्हता.

भाच्याची पहिली आज्ञा अशी की सगळे बंद कर. युरिया, ताक, चहा, हळद, सगळे. दोन आठवड्यांत एकच बदल करायचा आणि वाट पाहायची. एकदम पाच उपाय केले तर कशाने बरे झाले आणि कशाने मेले ते कळत नाही. करपलेले पान पुन्हा हिरवे होणार नाही, त्याच्याकडे पाहू नकोस. नवे पान कसे येते ते पाहा. हे ऐकायला सोपे आहे. काही न करणे म्हणजे काय हे निवृत्त माणसाला विचारावे.

मग एकेक उलगडत गेले. वाया जाणारे पाणी म्हणून मी जे घालत होतो त्यात यंत्राने पिण्याच्या पाण्यातून काढलेले सगळे क्षार उतरलेले असतात. आमच्या इमारतीत नळाच्या पाण्यात बोअरचे मचूळ पाणी मिसळते, म्हणजे मुळातच खारट. त्याचा अर्क मी रोपांना पाजत होतो आणि वर युरियाचे मीठ. काठावरची पांढरी पुटे तीच. भाच्याच्या सांगण्यावरून मी कुंड्या न्हाणीघरात नेऊन पिण्याच्या पाण्याने सावकाश धुतल्या. वरून ओतायचे, खालून निघून जाऊ द्यायचे, तीन-चारदा. नंतर रोपे उपसून पाहिली. एकाची मुळे पांढरी होती, एकाची निम्मी तपकिरी आणि हात लावताच सालासारखी सुटणारी, तिसऱ्याची जवळजवळ सगळीच कुजलेली. कुजके तेवढे कात्रीने कापले. काळी माती थोडीच ठेवली, आईच्या समाधानापुरती. बाकी पालापाचोळ्याचे खत, नारळाच्या काथ्याचा भुसा आणि धुतलेली जाड वाळू. कुजलेल्या मुळांचे रोप चौथ्या दिवशी गेले. त्याबद्दल मी आईला त्याच सकाळी सांगितले. ती “बरे” म्हणाली.

प्रकाशाचा धडा सर्वांत नवलाचा. आपल्या डोळ्याला खोलीत भरपूर उजेड वाटतो, पण डोळा जुळवून घेणारा आहे. पान तसे नाही. भाच्याने मला मोबाइलमध्ये प्रकाश मोजण्याची सोय करून दिली. भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स इतका प्रकाश असतो. आमच्या गॅलरीच्या काचेशी तो चौदाशे भरला आणि देवघराच्या कोपऱ्यात सत्तर. तुळशीला निदान सहा तास ऊन हवे; मी तिला सत्तर लक्सांत देवाशेजारी बसवून पुण्य मिळवीत होतो. उपाय साधा निघाला. नऊ वॅटचे पांढरे एलईडी दिवे दोन, रोपांच्या शेंड्यापासून वीतभर उंचीवर टांगलेले. अंतराचे महत्त्व असे की दिवा दुप्पट दूर नेला तर प्रकाश चौथाईवर येतो. वेळेवर लागून वेळेवर विझणारी एक कळही बसवली. सकाळी सहा ते रात्री आठ, चौदा तास, मग अंधार. महिन्याला साडेसात युनिट वीज होते. मी वहीत लिहून ठेवले आहे.

पाण्याचा प्रश्न राहिला, आणि तो कोणत्याही शास्त्रात सुटण्यासारखा नव्हता. दोन बोटे पेरभर मातीत खुपसावी, ओल लागली तर पाणी घालू नये, असा नियम. पण आई सत्तर वर्षे रोज पाणी घालत आली आहे. तिला “उद्या घाल” असे सांगणे म्हणजे उद्या जेव, असे सांगण्यासारखे. पंधरा दिवस मी टाळले. अखेर जे होते ते सांगितले: त्या वेळची तुळस पाण्याने मेली, आणि ते पाणी तुझे होते, माझेही होते. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे मीच मारली होय?” मला उत्तर सुचले नाही. दुसऱ्या दिवशी स्नान करून आली तेव्हा तिच्या हातात तांब्या नव्हता; पंचपात्री होती. तिने दोन्ही कुंड्यांत एकेक पळी पाणी सोडले आणि विचारले, “एवढे चालेल का तुझ्या भाच्याला?” चालले. एका पळीने तुळस बुडत नाही. जास्तीचे लागेल तेव्हा मी घालतो.

भाद्रपदात पाने आली. आखूड पेरांची, जाड, आणि कडेने जांभळी झाक असलेली. पितृपक्षात पानांच्या खोबणीत कापसासारखे पिठ्या ढेकूण दिसले. या वेळी मी घाबरलो नाही. कडुनिंबाचे तेल आणि साबणाचे पाणी बोळ्याने लावले. घरभर तीन दिवस वास, पत्नीचा पदर नाकाला. शेंडे खुडल्यावर फांद्या फुटतात हेही शिकलो, पण खुडायचे कधी यावर आईचे आणि माझे मतभेद झाले. एकादशी-द्वादशीला नाही, रविवारी नाही, दिवेलागणीनंतर नाही. उरलेल्या दिवसांत मी खुडले.

भाच्याची विद्या कोठली, हे मी आईपासून लपवले नाही. लपवण्याचे प्रयोग एकदा झाले होते. मला वाटले ती देवघर शुद्ध करायला लावील. ती हसू लागली. आपल्याकडे भांगेत तुळस म्हणतात, तुळशीत भांग म्हणतात, दोन्ही घराण्यांचा निवाडा करायला. येथे तर भांगेच्या हाताखाली शिकून तुळस वाढली. “शंकराला तुळस वाहत नाहीत,” ती म्हणाली, “पण वाचवायला तोच आला बघ.”

कार्तिकी द्वादशीला लग्न लावले. दोन रोपांतले थोरले सव्वा हात झाले होते. ऊस मिळाला, चिंचा-आवळे मिळाले, शेजारच्या गुजराती काकी मंगलाष्टकांना टाळ्या वाजवायला आल्या. अंतरपाट धरायच्या आधी आईने विचारले, “तुझा दिवा चालू आहे का रे?” मी हो म्हटले. “विझव. लग्न निरांजनाच्या उजेडात लागू दे.” मी कळ काढली. त्या गडबडीत ती पुन्हा लावायची राहिली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तुळस अंधारातच होती. काही झाले नाही. आईने एक पान खुडायला सांगितले. द्वादशी उलटली होती. मी ते चुरडून तिच्या हातावर ठेवले. तिने वास घेतला, पुन्हा घेतला, आणि मंजिऱ्या वाळल्या की तीन पुड्या कर म्हणाली. एक बडोद्याच्या लेकीला, एक डब्यात, आणि एक टोरांटोला पाठवता येते का ते विचार. टोरांटोला बी पाठवण्यास परवाने लागतात. ते मी तिला सांगितले. ती म्हणाली, मग तो येईल तेव्हा इथेच पेरू दे त्याला.

डब्यावरच्या पुडीवर मी वर्ष घातले आहे. २०१९ ची अर्धी पुडीही तिच्याच शेजारी आहे.